दहा माणसांची सभा

हिमायतनगरच्या रस्त्याने संध्याकाळी सहज फेरी मारली तर या शहराच्या स्वभावाची एक गंमत ध्यानात येते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा उर्दू हॉल याच वस्तीत. तेलुगू अकादमीही येथेच. नारायणगुडा मागे टाकून सुलतान बाजाराकडे निघाले की श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम लागते, आणि जरा पुढे जांबागेत आपली विवेक वर्धिनी. तीन भाषांची ही ठाणी, पण पायांत बळ असलेल्या माणसाने एका फेरीत सगळी पाहून यावीत इतकी जवळजवळ.

हे आज आठवण्याचे कारण निराळे आहे. आमच्या परिचयाच्या दोन-तीन लहान वाचकमंडळांत सध्या एकच विषय घोळतो आहे. मुले पुण्याला नाही तर परदेशी गेली, बैठकीला दहा माणसे जमणे कठीण झाले. तेव्हा सर्वांनी एकत्र येऊन एकच मोठे मंडळ का करू नये? प्रश्न रास्त आहे. मात्र या शहरातील लहान मंडळे पूर्वी वाढली कशी, हे उत्तर देण्याआधी पाहिलेले बरे.

जुन्या मंडळींस सांगावयास नको की संस्थानात सभा भरविणे हे सोपे काम नव्हते. पुढे ‘गश्ती निशाण ५३’ ने तर सभेसाठी आगाऊ परवानगीचा दंडकच घालून दिला. रेसिडेन्सी बाजार, म्हणजे आजचा सुलतान बाजार, १९३३ पर्यंत इंग्रज रेसिडेंटाच्या अमलाखाली होता, म्हणून तेथे वारा थोडा मोकळा. बहुतेक संस्थांनी आपला संसार त्या आसपास मांडला तो उगाच नव्हे. त्यांतही वाचनालय ही सर्वांत निरुपद्रवी दिसणारी चीज. एक कपाट, चार वर्तमानपत्रे, एक सतरंजी. वाचून झाल्यावर माणसे बोलतातच, आणि आपसांतल्या बोलण्याला परवानगी कोण मागतो!

१९०१ मध्ये आंध्र भाषा निलयम निघाले ते रविचेट्टू रंगराव यांच्या घरात. त्यामागे ज्यांची खटपट होती त्यांत कोमर्राजू लक्ष्मणराव हे नाव मराठी घरांतून माहीत असावयास हवे. तेलुगूतील पहिल्या कथालेखिका म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या भंडारू अच्छमांबा यांचे हे धाकटे बंधू. बहिणीच्या आश्रयाने नागपूरकडे शिकले आणि मराठीत लेख लिहू लागले. तेलुगूत शास्त्र आणि इतिहास आणणारी विज्ञान चंद्रिका मंडळी त्यांनी १९०६ मध्ये येथेच काढली. तेलुगू ज्ञानकोशाचे कामही हाती घेतले. आपल्याकडे केतकरांनी जे केले त्याच्याच जातीचा हा उद्योग. मराठीतील चळवळ पाहिलेला माणूस तेलुगूचे काम करतो, ही देवघेव कोणत्याही ठरावाने झाली नव्हती.

विवेक वर्धिनी १९०७ ची. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांचे वडील-आजोबा तेथे शिकले. म्हणूनच पुढची हकीकत सांगताना जीभ थोडी अडखळते.

नोव्हेंबर १९२१. विवेक वर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्यातील समाजसुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे. भाषणे चालली होती इंग्रजीत, उर्दूत आणि मराठीत. अल्लमपल्ली वेंकटरामराव हे वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. श्रोत्यांत मराठी माणसांचा भरणा. त्यांनी गलका केला, हुर्यो केली आणि त्यांस बोलू दिले नाही. ज्या राज्यात जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू, त्या राज्याच्या परिषदेत तेलुगूची ही गत! गलका करणारे अडाणी नव्हते. सुधारणेच्या परिषदेला आलेले सुशिक्षित होते. आपल्या घरांतून गणेशोत्सवाच्या आठवणी निघतात, व्याख्यानांच्या निघतात. ही आठवण सहसा निघत नाही.

त्याच रात्री टेकुमल्ला रंगराव यांच्या घरी दहा-बारा तेलुगू मंडळी जमली आणि त्यांनी आंध्र जनसंघ काढला. हातात काय होते? भाषा, आणि झालेल्या अपमानाची धग. परंतु त्यांनी हुर्योला हुर्योने उत्तर दिले नाही. माडपाटी हनुमंतराव प्रभृतींनी गावोगावी वाचनालये काढण्याचा नाद घेतला. जुने शिलालेख आणि पोथ्या जमविल्या. १९२६ मध्ये सुरवरम प्रताप रेड्डी यांनी ‘गोलकोंडा पत्रिका’ सुरू केली. तेलंगणात कवीच नाहीत, अशी टीका झाली तेव्हा त्यांनी १९३४ मध्ये ३५४ कवींचा संग्रहच छापून पुढे ठेवला. १९३० मध्ये जोगीपेटला पहिली आंध्र महासभा भरली तीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली.

एका घरातल्या दहा-बारा माणसांतून एवढे उभे राहिले. आणि तुटून निघालेली ही माणसे आपल्याला कायमची दुरावली म्हणावे, तर तसेही नाही. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली, कन्नड मंडळींचीही परिषद होती. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली तेव्हा या तिन्ही परिषदांतले कार्यकर्ते खांद्याला खांदा लावून उभे होते. आमच्या मते हे एकत्र येणे शक्य झाले, कारण प्रत्येकाला आधी स्वतःच्या घरात मोकळेपणी बोलता येत होते. एकाच मांडवात सर्वांना कोंबले असते तर १९२१ चाच प्रकार वर्षानुवर्षे चालला असता.

१९३१ चे साहित्य संमेलन केतकरांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात झाले, तो थाट पुन्हा येणे नाही. १९५६ मध्ये भाषावार रचना झाली, मराठवाडा तिकडे गेला आणि येथला मराठी माणूस एका रात्रीत अल्पसंख्य झाला. तेव्हा येथल्या मराठी साहित्य परिषदेने आपल्या नियतकालिकाचे नाव ठेवले ‘पंचधारा’. शेजारच्या भाषांना दार उघडे ठेवूनच आपले घर सांभाळावयाचे, हा त्यातला शहाणपणा. देवघेव दुसऱ्या बाजूनेही झाली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ तेलुगूत नेली ती पी. व्ही. नरसिंह राव यांनी.

तर मग आमची दोन-तीन मंडळे. एकत्रीकरणाने सभासदांची यादी लांबेल, एक अध्यक्ष होईल, दोन कार्यवाह रुसतील. त्यापेक्षा पुस्तकांच्या याद्या एकमेकांस द्याव्या, एकाच्या वक्त्याला दुसऱ्याने बोलवावे, ज्याच्या घरी दिवाणखाना मोठा त्याने तो महिन्यातून एकदा मोकळा करावा, असे आम्ही गेल्या बैठकीत सुचविले. मते दोन्ही बाजूंनी पडली. निर्णय व्हावयाचा आहे.

त्या बैठकीला हिमायतनगरातल्या यजमानांचे शेजारी, एक वृद्ध तेलुगू गृहस्थ, येऊन बसले होते. मराठी त्यांना समजते, बोलता येत नाही. हरिभाऊंची ती कादंबरी त्यांनी तेलुगूत वाचली आहे. पुढच्या महिन्यात तिच्यावर ते बोलणार आहेत, तेलुगूत. आणि ज्यांना तेलुगू कळत नाही त्यांच्याजवळ बसून अर्थ सांगण्याचे काम यजमानीणबाईंनी अंगावर घेतले आहे.