क्लॅट परीक्षेतील इंग्रजीची तयारी

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांचे प्रवेश ज्या क्लॅट परीक्षेवर ठरतात, तिच्या दोन तासांत सोडवायच्या १२० प्रश्नांपैकी २२ ते २६ प्रश्न इंग्रजीचे असतात. २०२० पासून या विभागात व्याकरणाचे सुटे प्रश्न न विचारता सुमारे ४५० शब्दांचे उतारे दिले जातात आणि त्यांवर मध्यवर्ती विचार, लेखकाचा दृष्टिकोन, संदर्भाने ठरणारा शब्दार्थ व अनुमान, म्हणजे लेखकाने उघड न सांगितलेला परंतु मजकुरातून अपरिहार्यपणे निघणारा निष्कर्ष, यांविषयी प्रश्न येतात. यांपैकी अनुमानाचा प्रश्न सर्वांत कसोटीचा असतो, कारण चुकीचा पर्याय बहुधा व्यवहारात खरा वाटतो, मात्र उताऱ्यात त्याला आधार नसतो, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा होतो. म्हणूनच शब्दयाद्यांच्या पाठांतरापेक्षा इंग्रजी दैनिकातील अग्रलेख वाचून त्याचा युक्तिवाद दोन वाक्यांत, हवे तर मराठीतही, लिहून काढण्याचा सराव अधिक उपयोगी ठरतो. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी या विभागाला बिचकू नये. मराठीत कसून वाचण्याची सवय येथे थेट कामी येते, आणि इंग्रजीचा वेग वाढवण्यासाठी दररोजचे वाचन अकरावीपासूनच सुरू करावे.