ताऊ बेटावरील सौर विद्युत्‌केंद्र

प्रशांत महासागरातील अमेरिकन सामोआ द्वीपसमूहात ताऊ नावाचे एक लहानसे बेट आहे. मानवशास्त्राच्या अभ्यासकांस ते मार्गारेट मीड यांच्या १९२५-२६ मधील क्षेत्राभ्यासामुळे परिचित असेल. सुमारे ६०० वस्तीच्या या बेटावर पूर्वी वीज डीझेल जनित्रांतून निर्माण होई. इंधनाची बोट लांबली की दिव्यांवर आणि पाण्याच्या पंपांवरही काटकसर करणे भाग पडे. नोव्हेंबर २०१६ मध्ये तेथील सौर केंद्राची वार्ता प्रसिद्ध झाली. त्याची क्षमता १.४ मेगावॉट असून त्यात ५,३२८ सौरपट्ट आहेत.

या पट्टांतील मूलद्रव्य सिलिकॉन होय. त्याच्या स्फटिकात बद्ध असलेला इलेक्ट्रॉन मुक्त करण्यास सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. त्याहून कमी ऊर्जेचा प्रकाशकण निष्फळ ठरतो. अधिक ऊर्जेच्या कणाचा जादा अंश उष्णतेत लोप पावतो. एका संधीच्या घटाची कार्यक्षमता यामुळे मर्यादित राहते, आणि शॉकली व क्वाइसर यांनी १९६१ मध्ये ही मर्यादा सुमारे ३० टक्के असल्याचे गणिताने दाखविले. तथापि इलेक्ट्रॉन नुसता मुक्त होणे म्हणजे विद्युत्‌प्रवाह नव्हे. तो आपल्या मागे राहिलेल्या पोकळीशी पुन्हा संयोग पावण्यापूर्वी दोहोंस विलग करावे लागते. फॉस्फरसमिश्रित व बोरॉनमिश्रित सिलिकॉनच्या संधीवर जे अंगभूत विद्युत्‌क्षेत्र असते, ते हे कार्य करते. मिळणारा प्रवाह एकदिश असतो. घराघरांत पोहोचविण्यापूर्वी तो प्रत्यावर्ती करून घेतात.

खरा प्रश्न रात्रीचा आणि ढगाळ दिवसांचा आहे. त्यासाठी ६० लिथियम-आयन संचायकांत मिळून ६ मेगावॉट-तास, म्हणजे ६,००० युनिट ऊर्जा साठविण्याची सोय आहे. सूर्यप्रकाश नसतानाही बेटास तीन दिवस पूर्ण वीज पुरेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. हे विधान मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. त्याच निवेदनानुसार वर्षाकाठी १,०९,५०० गॅलन डीझेल वाचावयाचे होते. म्हणजे दररोज ३०० गॅलन, सुमारे १,१३५ लिटर. लहान जनित्र लिटरमागे तीन-साडेतीन युनिट वीज देते असे धरल्यास दैनंदिन खप ३,४०० ते ४,००० युनिटांचा निघतो. या मानाने भरलेला साठा दोन दिवसही पुरत नाही. तीन दिवसांचा मेळ बसावयाचा, तर ढगांआडून येणाऱ्या विखुरलेल्या प्रकाशातून होणारी निर्मिती तरी हिशेबात घ्यावी लागेल, किंवा खपात काटकसर तरी गृहीत धरावी लागेल.