हिंगणघाटची रुई आणि समुद्राची वाट

वर्धा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मुंबईचे बंदर वर्ध्याहून लोहमार्गाने सुमारे साडेसातशे किलोमीटर दूर आहे. तरीही या जिल्ह्याचा समुद्राशी संबंध जुना आहे. वणा नदीच्या काठी वसलेल्या हिंगणघाटच्या पेठेतील रुई लांब व तलम धाग्याची असे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील लिव्हरपूलच्या बाजारात ती गावाच्या नावानेच ओळखली जाई.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि या भागातील कापसाला सोन्याचा भाव आला. लोहमार्ग नागपुरापर्यंत पोचला तो 1867 साली. त्यापूर्वी रुईला बैलांचाच आधार होता. गाडीवानाला वाट पाठ असे. कोणत्या नाल्याला पावसाळ्यात उतार मिळत नाही, कोणत्या चढावर बैलांना किती ओझे झेपते, विसावा कोठे द्यावा, हे तो कागदावर हिशेब न मांडता सांगे. अनेक फेऱ्यांचा अनुभव त्याच्या मनात साठलेला असे आणि चाकोरीही त्याला वाट दाखवी.

समुद्रावर चाकोरी उमटत नाही. सुएझचा कालवा 1869 साली खुला झाला. तोपर्यंत मुंबईहून निघालेले शिडाचे जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून तीन-चार महिन्यांनी इंग्लंडला पोचे. वारा पडला की जहाज जागच्या जागी डोलत राही. प्रत्येक कप्तानाजवळ अनुभव होता, परंतु तो त्याचा एकट्याचा. एका माणसाच्या आयुष्यात सफरी अशा कितीशा होणार?

हा विखुरलेला अनुभव एकत्र करण्याची कल्पना मॅथ्यू मॉरी या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने प्रत्यक्षात आणली. 1839 साली प्रवासात गाडी उलटून त्याचा पाय मोडला आणि समुद्रावरील नोकरी संपली. 1842 साली त्याला वॉशिंग्टन येथील नकाशे व उपकरणे यांच्या कोठारावर नेमण्यात आले. तेथे जुन्या जहाजांच्या रोजनिशांचे ढीग पडले होते. इतरांना ती रद्दी वाटे. मॉरीने मात्र त्या उघडल्या. कोणत्या महिन्यात, समुद्राच्या कोणत्या भागात, वारा कोणत्या दिशेने व किती जोराने वाहत होता, याच्या हजारो नोंदी त्याने व त्याच्या साहाय्यकांनी उतरवून काढल्या आणि 1847 पासून त्यांचे नकाशे प्रसिद्ध केले. ते कप्तानांना फुकट मिळत. अट एवढीच, की त्यांनीही आपल्या सफरींच्या नोंदी पाठवाव्यात.

1848 साली ‘डब्ल्यू. एच. डी. सी. राइट’ या जहाजाने या नकाशांवर विश्वास ठेवून बाल्टिमोरहून ब्राझिलमधील रिओ बंदर 38 दिवसांत गाठले. एरवी या सफरीस सुमारे 55 दिवस लागत. जहाज तेच, शिडेही तीच होती. केवळ वाट बदलली होती.

पुढे आगबोटी आल्या आणि वाऱ्याची ताबेदारी सुटली. तिच्या जागी इंधनाची चिंता आली. पाणी कापीत जाणाऱ्या जहाजाला वेग थोडा वाढवायचा झाला, तरी शक्ती फार लागते. स्थूलमानाने ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, 3600 सागरी मैलांची सफर आहे. ताशी 20 मैलांच्या वेगाने ती 180 तासांत होईल. वेग 18 मैलांवर आणला, तर 200 तास लागतील, परंतु ताशी 100 मापे इंधनाऐवजी सुमारे 73 मापेच पुरतील. म्हणजे 18,000 मापांऐवजी सुमारे 14,600. केवळ 20 तास उशीर पत्करल्याने जवळजवळ पाचवा हिस्सा इंधन वाचले! जहाज घाईने येऊन बंदराबाहेर नांगर टाकून ताटकळत बसणार असेल, तर ती घाई सर्वस्वी वाया जाते.

जवळची वाट नेहमी स्वस्त पडते असेही नाही. ज्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांची वर्ध्याचा शेतकरी जूनमध्ये आतुरतेने वाट पाहतो, तेच वारे अरबी समुद्रात प्रचंड लाटा उठवतात. मुंबईहून एडनकडे सरळ पश्चिमेस निघालेल्या जहाजाला त्या लाटा समोरून झोडपतात. अशा वेळी आधी दक्षिणेकडे वळून लांबच्या वाटेने जाणे श्रेयस्कर ठरते. परंतु किती दक्षिणेला जावे? आर. डब्ल्यू. जेम्स यांनी 1957 साली यासाठी एक रीत मांडली. आजच्या लाटा पाहता प्रत्येक दिशेने एका दिवसात जहाज कोठवर पोचेल, ते बिंदू नकाशावर मांडून रेषेने जोडावेत. त्या रेषेवरून दुसऱ्या दिवसाची रेषा काढावी आणि असे करीत मुक्कामाला पोचावे.

हे काम हाताने करणे कष्टाचे होते. दहा ठिकाणी प्रत्येकी तीन दिशांची निवड असेल, तर वाटा 59,049 होतात. संगणक त्या क्षणात पडताळतो. परंतु त्यासाठी अमुक लाटांत अमुक वेगाने हे जहाज किती इंधन खाईल, हे त्याला आधी कळावे लागते. दोन सारखी जहाजेही सारखे इंधन खात नाहीत. एखाद्याच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटलेले असतात, तर एखादे माल अधिक भरल्याने खोल बुडालेले असते.

येथे यंत्राला शिकवावे लागते. या रीतीला मशीन लर्निंग म्हणतात. जहाजावर रोज दुपारी स्थान, वेग, वारा, लाटा व खर्चलेले इंधन यांची नोंद होते. आता उपकरणेही क्षणोक्षणी मोजमाप करतात. संगणकाला यांतील एकेक नोंद दाखवून, इंधन किती लागले असेल, असा अंदाज करावयास लावतात. खऱ्या आकड्याशी ताडून चूक दिसली, की तो आपल्या हिशेबात किंचित बदल करतो. लक्षावधी वेळा असे केल्यावर अंदाज खऱ्याच्या जवळ येऊ लागतो. नवख्या गाडीवानाला वाट पाठ होते, ती काहीशी अशीच.

मात्र गाडीवान वाट डोळ्यांनी पाहतो. संगणकाला दिसतात ते केवळ आकडे. नोंद आळसाने भरली, तर तो चुकीचेच शिकेल, आणि हवामानाची माहिती शिळी असेल, तर उत्तरही शिळेच मिळेल. 2015 साली ‘एल फारो’ हे अमेरिकन मालवाहू जहाज बहामा बेटांजवळ चक्रीवादळात सापडून बुडाले आणि जहाजावरील सर्व 33 जण मृत्युमुखी पडले. कप्तान ज्या हवामान-नकाशांवर विसंबला होता, ते कित्येक तासांपूर्वीच्या माहितीवर आधारलेले होते, असे चौकशीत आढळले. ताजी माहिती मिळण्यासारखी होती. रात्री हाताखालच्या अधिकाऱ्यांनी दक्षिणेकडे वळण्याची सूचनाही केली होती, पण ती मानली गेली नाही.

भारताच्या समुद्रातील लाटा, वारे व प्रवाह यांचे अंदाज हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देत असते. ही संस्था 1999 साली स्थापन झाली. वर्ध्याकडील माल आज परदेशी जावयाचा असेल, तर तो पोलादी कंटेनरांत भरून उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरासारख्या ठिकाणी पोचतो. तेथून निघालेल्या जहाजाचा कप्तान संगणकाने सुचवलेली वाट पाहतो, आकाश व लाटा निरखतो, मगच दिशा ठरवतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वाटेवर किती इंधन लागले, त्याची नोंद करतो.