तापाचे वाण

धानाच्या बांधीत उभे राहून नुसत्या लोंबीवरून वाण ओळखणारी माणसे आमच्या मौदा तालुक्यात पुष्कळ आहेत. लांबून सारखेच दिसणारे हिरवे रान त्यांच्या दृष्टीने सारखे नसते. कोणते वाण आधी निसवते, कोणते पाण्यात तग धरते, कोणत्यावर कीड लवकर पडते, हे त्यांना तोंडपाठ असते. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये ‘पटेल-३’च्या शेतात वेगळ्या दिसलेल्या मोजक्या लोंब्या बाजूला काढल्या आणि त्यातून ‘एचएमटी’ तांदूळ जन्मला, ही कथा तर घरोघरी ठाऊक आहे. परंतु त्याच बांधीच्या धुऱ्यावर, गवतात, तापाचेही वाण नांदत असतात याची जाणीव फारशी कोणाला नाही.

कन्हान नदीच्या काठचा, नागपूर-भंडारा महामार्गावरचा हा तालुका. एकीकडे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, दुसरीकडे पेंचच्या पाण्यावर पोसलेले धान. येथे बरीच वर्षे दवाखाना चालवताना एक गोष्ट माझ्या अंगवळणी पडली आहे. पोळ्याच्या सुमारास तापाचे रुग्ण वाढतात आणि दिवाळीपर्यंत ओघ आटत नाही. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड ही नावे आता खेड्यातल्या आजीबाईंनाही पाठ आहेत. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यात ‘स्क्रब टायफस’ या नावाची भर पडली. नागपूर जिल्ह्यात आणि शेजारच्या भागात या तापाने माणसे दगावली, आणि गवताकडे पाहण्याची लोकांची नजरच बदलली.

हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. गुरांच्या कासेला चिकटणारी गोचीड सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याच दूरच्या गोतावळ्यात माइट नावाचा अगदी बारीक जीव येतो. त्याच्या अळीला चिगर म्हणतात. ती जेमतेम मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी, डोळ्यांना न दिसणारी. आयुष्यात फक्त याच अवस्थेत ती उंदीर-घुशींच्या किंवा माणसाच्या अंगाला लागते. या चाव्यातून ‘ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी’ हा जिवाणू शरीरात शिरतो. मादीच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत उतरतो, म्हणजे वाणाचे बियाणे घरच्या घरीच राखले जाते!

खुद्द गोचिडीचाही एक ताप आहे. मेगॉ या इंग्रज डॉक्टरने पहिल्या महायुद्धाच्या काळात कुमाऊँच्या डोंगरात त्याची नोंद केली. आज त्याला ‘इंडियन टिक टायफस’ म्हणतात. त्याचा जिवाणू ‘रिकेट्सिया कोनोरी’. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांच्या आधारे या एका जातीच्या चार उपजाती पाडल्या आणि भारतातील उपजातीला ‘इंडिका’ हे नाव दिले. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर, महागड्या तपासण्यांची वाट न पाहता हा पुरळाचा ताप लक्षणांवरूनच लवकर ओळखता यावा, म्हणून २०११ मध्ये गुणांकनाची एक पद्धत मांडली. विदर्भाच्या भूमीत झालेले हे काम आपल्याच लोकांना ठाऊक नसावे, याचे वाईट वाटते.

स्क्रब टायफसच्या जिवाणूचे वैविध्य याहून थोर. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर या तापाने सैनिक आडवे केले. १९४३ मध्ये आसाम-ब्रह्मदेश सीमेवरून ‘गिलियम’ हा वाण मिळाला, त्याच वर्षी न्यू गिनीतून ‘कार्प’, आणि पुढे १९५५ मध्ये जपानच्या निगाता भागातून ‘कातो’. आजही जगभर या तीन नावांच्या आधारे वर्गवारी चालते. जिवाणूच्या पृष्ठभागावरील एका मोठ्या प्रथिनाचे जनुक वाणागणिक बदलते. त्याचा क्रम वाचला की वाण कळतो. वेल्लोर, शिमला आणि शिलाँग येथील रुग्णांच्या नमुन्यांचा असा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कातोच्या जवळचे वाण सर्वाधिक, सुमारे तीन-पंचमांश होते. त्याखालोखाल कार्पच्या जवळचे.

आता कोणी विचारील, वाण कोणताही असो, ताप तो तापच. या काथ्याकुटाने काय साधणार? साधते ते असे. एका वाणाचा ताप येऊन गेला की शरीराला मिळणारे संरक्षण मुख्यतः त्या वाणापुरतेच. दुसऱ्या वाणापासूनचा बचाव अपुरा आणि अल्पकाळचा. म्हणून ‘मला एकदा होऊन गेला’ या भरवशावर राहता येत नाही. या रोगावर अद्याप लस नाही, त्याचेही एक मोठे कारण हेच वैविध्य. तिसरी गोष्ट रक्ततपासणीची. तपासणीच्या संचात ज्या वाणांची प्रथिने घातलेली असतात, त्यांच्याशी आपल्या गवतातला वाण जितका जुळेल तितका निकाल खरा. शिवाय पहिल्या काही दिवसांत ही तपासणी खरा रोग असतानाही नकार देऊ शकते.

सुदैवाने औषधाला वाणाचा भेद फारसा नाही. डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध वेळेवर सुरू झाले तर बहुतेक रुग्णांचा ताप दोन दिवसांत उतरू लागतो. पेनिसिलिन किंवा सेफालोस्पोरिन वर्गातली भारी इंजेक्शने येथे व्यर्थ. आजार बळावला तर काय करावे याचे उत्तर भारतातील सात केंद्रांवर झालेल्या एका चाचणीने २०२३ मध्ये दिले: डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन शिरेतून एकत्र दिल्यास कोणत्याही एकट्या औषधापेक्षा गुण चांगला येतो. पण तेथवर वेळ येऊच नये.

वेळ येते ती बहुधा लाजेमुळे. चिगर चावते त्या जागी पुष्कळदा काळी खपली धरते, विडीचा चटका बसावा तशी. ती काखेत, जांघेत, स्तनाखाली, परकराच्या नाडीखाली असते. निंदणाला जाणारी एक बाई सहाव्या दिवशी माझ्याकडे आली, तेव्हा धाप लागलेली होती. नर्सबाईंनी आडोशाला नेऊन पाहिले तर कमरेशी खपली. आधी का नाही सांगितले, असे विचारल्यावर ती म्हणाली, “दुखत नाही, खाजत नाही, तं दाखवू कायले?” तिच्या दृष्टीने उत्तर बिनतोड होते. ती वाचली, मेडिकलला पाठवण्याइतका वेळ हाती होता म्हणून. रोवणी-निंदणाची कामे बव्हंशी बायाच करतात, आणि त्यांचेच अंग तपासायला खेड्यात कोणी नसते. प्रत्येक तापाच्या रुग्णाचे सर्वांग पाहणारी एक परिचारिका, हे साधन कोणत्याही यंत्राहून मोलाचे आहे.

नागपुरात राष्ट्रीय एकात्मिक आरोग्य संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. माणूस, जनावर आणि परिसर यांचे रोग एकत्र अभ्यासण्याची ही कल्पना आमच्यासारख्या तालुक्यासाठीच आहे. मौदा, रामटेक, पारशिवनीच्या धुऱ्यांवरचे उंदीर, माइट आणि गोचिडी गोळा करून आपल्याकडे कोणते वाण आहेत याची यादी झाली पाहिजे. ती दर काही वर्षांनी नव्याने तपासली पाहिजे, कारण जिवाणूही बियाण्यासारखेच बदलतात.

तोवर शेतकऱ्याने काय करावे? घराभोवतीचे गवत कापावे, उंदरांचा बंदोबस्त करावा. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, ते गवतावर वाळत घालू नयेत. रानातून आल्यावर अंग चोळून धुवावे. ताप तीन दिवस टिकला तर डॉक्टरला आपण होऊन सांगावे की शेतात काम करतो, आणि अंगावर कोठेही काळी खपली असल्यास ती दाखवावी. ती दुखत नसली तरीही.