आंघोळीनंतरची दोन मिनिटं

जानेवारीत धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा 5-6 अंशांवर उतरला की पेपरात बातमी येते. मे महिन्यात तोच पारा 43-44 च्या पुढे जातो. अशा या गावात, देवपूरच्या मैदानांवर भल्या पहाटे पोलीसभरतीची आणि सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात. त्या प्रत्येकाच्या अंगाला असलेला एक अवयव बाहेरच्या हवेचा हिशेब क्षणोक्षणी ठेवतो. थंडी झोंबली की त्याच्याभोवतीचे स्नायू आखडतात आणि तो अंगालगत ओढला जातो. उकाडा वाढला की तेच स्नायू सैल पडतात आणि तो खाली लोंबतो. मी पुरुषाच्या वृषणांबद्दल लिहितो आहे, आणि मोकळेपणानं लिहिणार आहे. इतका नवलाचा अवयव आपण निव्वळ लाजेपायी अनोळखी ठेवला आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शरीराच्या आत 37 अंश तापमान असतं. शुक्राणू घडायला ते फार होतं. त्यांना 2 ते 4 अंश कमी लागतात. म्हणून वृषणांचा मुक्काम बाहेरच्या पिशवीत. पण रक्त तर आतूनच येणार, गरमच येणार. त्यावरचा तोडगा पाहण्यासारखा आहे. वृषणाकडे उतरणाऱ्या रोहिणीभोवती शिरांचं दाट जाळं गुंडाळलेलं असतं, आणि पिशवीतून वर परतणारं गार रक्त वाटेतच खाली येणाऱ्या रक्तातली उष्णता काढून घेतं. जेमतेम 4-5 सेंटिमीटर लांबीच्या एका वृषणात बारीक नळ्यांची एवढी वेटोळी असतात की उलगडली तर 200 मीटरच्या पुढे जातील. तिथं एकेक शुक्राणू तयार व्हायला दोन महिन्यांहून जास्त काळ लागतो, आणि तरी सेकंदाला हजाराच्या आसपास तयार होत राहतात.

गल्लीत क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत असते. चेंडू खाली लागतो आणि कळ पोटात जाते. माणूस पोट धरून खाली बसतो. याचं कारण असं की वृषणं जन्मतात पोटात, मूत्रपिंडांच्या शेजारी. गर्भ सात-आठ आठवड्यांचा असताना ती तिथं आकाराला येतात आणि मग हळूहळू खाली सरकू लागतात. सातव्या महिन्याच्या सुमारास जांघेतल्या बोगद्यातून पार होऊन जन्माच्या आधी पिशवीत पोचतात. येताना आपली रक्तवाहिनी, आपली मज्जातंतूंची तार वरूनच घेऊन येतात. पत्ता बदलला, तार तीच राहिली. म्हणून मार खाली बसतो आणि दुखतं वर.

हा प्रवास कधी कधी अर्ध्यात थांबतो. पूर्ण दिवसांच्या दर 100 मुलग्यांपैकी साधारण तिघांचं एखादं वृषण जन्मावेळी खाली आलेलं नसतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण कितीतरी जास्त. पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांचं आपोआप उतरतं. आपल्याकडे हे पहिल्यांदा लक्षात येतं ते बाळाला तेल लावून, पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या. बाळ ऊन पाण्यानं सैलावलेलं असतं, तिचा हात सवयीचा असतो, आणि एका बाजूची पिशवी रिकामी आहे हे तिला बोटांनाच कळतं. तिचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नये. सहा महिन्यांनंतरही वृषण खाली आलं नसेल तर बाळाला सर्जनला दाखवावं आणि दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया उरकावी, असं आज डॉक्टर सांगतात. पोटात किंवा जांघेत अडकलेल्या वृषणात पुढं तारुण्यात कर्करोग होण्याचा धोका इतरांहून काही पटींनी अधिक असतो. स्वीडनमध्ये अशी शस्त्रक्रिया झालेल्या हजारो मुलग्यांचा माग ठेवला गेला. वयाच्या तेराव्या वर्षाआधी ती झाली असेल तर धोका दुपटीच्या थोडा वर राहिला, नंतर झाली तर पाचपटीच्या पुढे गेला. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला.

वृषणाचा कर्करोग भारतात दुर्मीळ आहे. वर्षाला लाख पुरुषांमागे एकाहूनही कमी जणांना तो होतो. नॉर्वे-डेन्मार्ककडे हेच प्रमाण दहाच्या घरात जातं. इतका फरक का, याचं पुरतं उत्तर मिळालेलं नाही. मात्र हा म्हातारपणचा रोग नव्हे. तो गाठतो 15 ते 40 या वयात, म्हणजे कॉलेज, भरती, लग्न, पहिलं मूल या काळात. सख्ख्या भावाला किंवा वडिलांना झाला असेल तर धोका वाढतो. घट्ट चड्डी, मोटरसायकल, चेंडूचा मार यांनी तो होत नाही. मार लागल्यावर माणूस चाचपतो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा हाताला लागते, एवढाच त्यांचा संबंध.

हा रोग पसरू लागला की जवळच्या जांघेत जात नाही. वृषण ज्या वाटेनं खाली आलं त्याच वाटेनं तो वर चढतो आणि पाठीच्या कण्यापुढे, मूत्रपिंडांच्या पातळीवर असलेल्या लसिकागाठींत उतरतो. म्हणून एखाद्या तरुणाला पहिली तक्रार पाठदुखीची असते. सर्जनही ही वाट ओळखून असतात. वृषण काढायचं तर छेद जांघेत घेतात. पिशवीला सुरी लावत नाहीत आणि तपासणीसाठी सुईनं तुकडाही काढत नाहीत, कारण पिशवीच्या कातडीचा निचरा जांघेतल्या गाठींकडे होतो आणि रोगाला एक नवी वाट मिळू शकते.

याहून जुना एक प्रवास आहे, आणि तो आपण सगळ्यांनी नकळत टीव्हीवर पाहिला आहे. 2 एप्रिल 2011, वानखेडे स्टेडियम. धोनीनं षटकार मारला तेव्हा समोरच्या टोकाला युवराज सिंग उभा होता. त्या विश्वचषकात त्यानं 362 धावा केल्या, 15 बळी घेतले, स्पर्धेचा मानकरी ठरला. चेन्नईत वेस्ट इंडीजविरुद्ध शतक ठोकताना तो मैदानातच ओकत होता. पुढं निदान झालं: छातीत, दोन फुफ्फुसांच्या मधोमध, सेमिनोमा. सेमिनोमा हा एरवी वृषणात होणारा कर्करोग. मग तो छातीत कसा?

तर वृषणं तयार होण्याआधी ज्या पेशींपासून पुढं शुक्राणू व्हायचे असतात, त्या बीजपेशी त्या जागी नसतातच. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना त्या गर्भाबाहेरच्या पीतक-पिशवीच्या भिंतीत दिसतात. तिथून त्या स्वतः सरपटत, आतड्याच्या भिंतीतून वाट काढत, मूत्रपिंडांशेजारच्या जागेवर पोचतात. वाटेत चुकलेल्या बहुतेक पेशी मरून जातात. एखादी शरीराच्या मध्यरेषेवर कुठंतरी अडकून राहते, आणि पंचवीस-तीस वर्षांनी छातीत असली गाठ उगवते ती अशा चुकलेल्या पेशीपासून, असं मानतात. आपण जन्मण्याच्या आठ महिने आधी वाट चुकलेली एक पेशी! मला तर हे वाचून कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

युवराजवर 2012 च्या सुरुवातीला अमेरिकेत इंडियानापोलिस इथं डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली केमोथेरपी झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो पुन्हा भारताकडून खेळला. हे आइनहॉर्न म्हणजे ज्यांनी या रोगाचं नशीब पालटलं ते. 1974 च्या आधी वृषणाचा कर्करोग शरीरभर पसरला की दहातला एखादाच तरुण वाचायचा. त्या वर्षी त्यांनी सिसप्लॅटिन हे औषध इतर दोन औषधांच्या जोडीनं वापरून पाहिलं. आज पसरलेल्या रोगातूनही दहातले आठ वाचतात, आणि रोग वृषणापुरताच असताना सापडला तर जवळजवळ सगळेच.

सिसप्लॅटिनचा शोधही मूळच्या हेतूबाहेर लागलेला. मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे पदार्थशास्त्रज्ञ 1965 च्या सुमाराला जिवाणूंवर विजेच्या क्षेत्राचा परिणाम पाहत होते. जिवाणू वाढत राहिले, पण त्यांचं विभाजन थांबलं. ते नेहमीच्या 300 पट लांब धाग्यांसारखे झाले. विजेचा त्यात काही हात नव्हता. विजेच्या टोकांसाठी वापरलेल्या प्लॅटिनमचा अंश द्रावणात उतरला होता, आणि तयार झालेला क्षार पेशींना दुभंगू देत नव्हता. सिसप्लॅटिन पेशीच्या डीएनएला गाठी मारतं. इतर अनेक कर्करोगांच्या पेशी त्या गाठी सोडवून तग धरतात. बीजपेशींपासून झालेला कर्करोग मात्र गर्भातल्या पेशींचा स्वभाव टिकवून असतो: डीएनए बिघडला की दुरुस्तीच्या फंदात न पडता मरून जायचं. पुढच्या पिढीत बिघाड जाऊ नये म्हणून निसर्गानं घालून दिलेला हा नियम, आणि तोच नियम औषधाच्या कामी येतो.

आता तपासायचं कसं ते. ऊन पाण्यानं आंघोळ झाली की पिशवी सैल असते. तीच वेळ बरी. उभं राहून एका वेळी एकच वृषण हातात घ्या. अंगठा वर, दोन बोटं खाली, आणि अलगद फिरवत जा. निरोगी वृषण उकडून सोललेल्या अंड्यासारखं लागतं, गुळगुळीत आणि थोडं घट्ट. मागच्या बाजूला एक मऊ, दोरीसारखा उभा भाग लागेल. पहिल्यांदा हात लागला की पुष्कळ जण इथंच घाबरतात; पण ती शुक्राणू साठवणारी, 6 मीटर लांबीची गुंडाळलेली नळी आहे, तिचं तिथं असणंच योग्य. एक वृषण किंचित मोठं असणं, डावं थोडं खाली लोंबणं, हेही नेहमीचं. शोधायचं ते वृषणाच्या अंगातच असलेलं टणक काही, मग ते काही मिलिमीटरांचं का असेना. ते बहुधा दुखत नाही, आणि घात होतो तो यामुळंच. ‘दुखत नाही ना भो, मग जाऊ दे,’ असं मित्र म्हणतो आणि सहा महिने जातात. एखादं वृषण मोठं किंवा जड होणं, ओटीपोटात मंद दुखत राहणं, क्वचित छाती हुळहुळी होऊन फुगणं, याही खुणा आहेत. अचानक असह्य कळ उठली तर ते बहुधा वेगळं संकट असतं: वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नका. सहा तासांच्या आत तो पीळ सोडवला तर वृषण वाचतं.

आपल्याकडे सूज दिसली की ‘पाणी भरलं असेल’ म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा ते हायड्रोसिलच असतं. डॉक्टर अंधारात पिशवीमागे टॉर्च धरतात. पाणी असेल तर सगळी पिशवी तांबूस उजळते, भरीव गाठ असेल तर काळोखच राहतो. पण पाण्याच्या आडही गाठ लपू शकते, म्हणून सोनोग्राफी हवीच. आणि इथं तरुणांचा पाय अडतो. गर्भलिंगनिदान केलं जात नाही असा फलक भिंतीवर, बाकावर पोटुशा बायका आणि त्यांच्या सासवा, आणि त्यात फाइल छातीशी धरून बसलेला वीस-बावीस वर्षांचा पोरगा. त्याला वाटतं, आपण चुकीच्या जागी आलो. मग त्याच्या रक्ताच्या ज्या तपासण्या होतात त्यांत एक असते बीटा-एचसीजीची, म्हणजे गर्भारपणाच्या चाचणीत पाहतात त्याच संप्रेरकाची. दुसरी असते गर्भाच्या यकृतात बनणाऱ्या प्रथिनाची. काही गाठी ही दोन्ही बनवतात, कारण त्यांच्या पेशी गर्भाचीच भाषा बोलत असतात. बाकावरच्या त्या पोराला कुणी एवढं सांगितलं, तर तो अवघडण्याऐवजी थक्क होईल असं मला वाटतं.

अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञमंडळानं 2011 साली, कसलीही तक्रार नसलेल्या पुरुषांनी नेमानं तपासणी करत बसू नये, असा सल्ला दिला. रोग दुर्मीळ, उपचार उत्तम, आणि निरुपद्रवी गाठींच्या धास्तीनं होणारा मनस्ताप मोठा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, आणि भारतात तर रोग आणखी विरळ. दर पहिल्या तारखेला कॅलेंडरवर खूण करून भीतभीत चाचपायची गरज नाही. पण आपलं नेहमीचं कसं आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याला बदल कळणार कसा? पुष्कळ पोरांचं वृषण पहिल्यांदा तपासलं जातं ते सैन्यभरतीच्या मेडिकलमध्ये, आणि तिथं न उतरलेलं वृषण किंवा हायड्रोसिल निघालं की मुलगा बाद ठरू शकतो. वर्षानुवर्षं पळून कमावलेली संधी अशा गोष्टीपायी जाते, जी घरी न्हाणीघरात आधीच कळली असती आणि बरी करून घेता आली असती.

एक वृषण काढलं तर पुरुषपण जाईल, मूल होणार नाही, ही भीती खरी नाही. दुसरं निरोगी असेल तर संप्रेरकं आणि शुक्राणू या दोन्हींना ते पुरतं. केमोथेरपी घ्यायची असेल तर आधी वीर्य गोठवून ठेवता येतं. ते डॉक्टरांना उपचार सुरू होण्यापूर्वी विचारा, नंतर नाही. खर्चाचं म्हणाल, तर आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी वेगळ्या नावानं ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यांत धुळे होतं, आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी तिच्यात बसते.

गाठ हाताला लागली तर मेडिकलवरून गोळ्या आणून पंधरा दिवस वाट पाहू नका, मालिश करू नका, शेक देऊ नका. धुळ्यात असाल तर भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीत केसपेपर काढा, किंवा ओळखीच्या कुठल्याही सर्जनकडे त्याच आठवड्यात जा, आणि ‘वृषणात गाठ लागते आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.