मिठाची झिलई

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी लोणच्याची बरणी असेल. वर तपकिरी, खाली पांढरट. जड, बसकी आणि फडताळाच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे मुकाट उभी. तिला कोणी शोभेची वस्तू म्हणत नाही. परंतु पितळेच्या भांड्यात लोणचे कळकते, मडक्यातून खार पाझरतो, बरणीला मात्र मीठही बाधत नाही आणि आंबही बाधत नाही. ज्या जातीची ही बरणी, त्याच जातीची जुनी ब्रिटिश भांडी जमविण्यात कित्येकांनी उभे आयुष्य वेचले आहे. त्यांना त्यांत काय सापडले, ते आज पाहू.

कुंभाराचे मडके हजार अंशांच्या आतच भाजते आणि सच्छिद्र राहते. म्हणून तर माठातले पाणी गार होते. योग्य माती बाराशे अंशांच्या वर तापविली, तर तिचे कण एकमेकांत मुरून भांडे दगडासारखे घट्ट होते. हेच स्टोनवेअर. त्याला झिलई देण्याची जर्मन कुंभारांची रीत मोठी गमतीची. भट्टी ऐन तापात असताना तीत मीठ टाकावयाचे. मिठातले सोडियम मातीतल्या सिलिकाशी मिळून काचेचा पातळ थर धरते, आणि भांड्याची कांती संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागते.

ऱ्हाइनकाठच्या या सुरया, त्यांच्या गळ्यावरील दाढीवाल्या चेहऱ्यांसह, इंग्लंड दीर्घकाळ विकत घेत होते. १६७२ मध्ये जॉन ड्वाइट याने फुलहॅम येथे असा माल करण्याची राजसनद मिळविली. पुढे दोनच वर्षांनी त्याची सहा वर्षांची मुलगी लिडिया वारली. तेव्हा बाटल्या आणि मग भाजणाऱ्या त्या विद्येने तिची मृत्युशय्येवरील प्रतिमा घडविली गेली : उशीवर टेकलेले डोके, मिटलेले डोळे, हातात फुले. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बापाच्या शोकाला साडेतीनशे वर्षे तडा गेलेला नाही. स्टोनवेअर म्हणजे केवळ दारूच्या गुत्त्यातील मग, असे म्हणणाऱ्याने एकदा तिच्यापुढे उभे राहावे.

गुत्त्यातील मगांचीही थोरवी आहेच. गिऱ्हाइकाला माप पुरे मिळावे म्हणून १७०० च्या सुमारास कायदा झाला आणि मगांवर तिसऱ्या विल्यमच्या नावाची मुद्रा उठू लागली. येथे नवखा संग्राहक फसतो. राजा १७०२ मध्ये वारला, तरी मुद्रा पुढेही चालू राहिली. तेव्हा नुसत्या अक्षरांवरून वय ठरवू नये. घाट, वजन, कानाचा जोड आणि मातीचा रंग ही सारी साक्ष घ्यावी.

एकोणिसाव्या शतकात लंडनमधील लॅम्बेथ येथे डौल्टनचा कारखाना भरभराटीला आला, तो मुख्यतः सांडपाण्याच्या नळांवर. कॉलऱ्याने हैराण झालेल्या शहरांना न पाझरणारे नळ हवे होते. त्याच कारखान्यात पुढे जवळच्या कलाशाळेतील विद्यार्थी येऊन बसले. हॅना बार्लो ही ओल्या मातीवर सुईसारख्या टोकाने घोडे, शेळ्या, हरणे रेखाटी. नळ आणि कलश यांची भट्टीविद्या एकच! १९५६ मध्ये हा कारखाना बंद झाला. मिठाच्या भट्टीतून निघणारा तिखट आम्लधूर दाट वस्तीच्या शहराला, आणि हवा स्वच्छ राखण्याच्या नव्या नियमांना, परवडणारा नव्हता. ज्या क्रियेने भांड्याला तेज येई, तीच शेजाऱ्यांचा श्वास कोंडी. संग्राहकाने हेही विसरू नये.

असली भांडी जमविण्यासाठी धनिकच असावे लागते, असे नाही. मार्टिन बंधूंचे मिस्किल चेहऱ्यांचे पक्षी लक्षाधीशांनीच घ्यावेत. पण जिंजर बियरच्या स्टोनवेअर बाटल्या जुन्या उकिरड्यांतून उकरून काढणारे साधे हौशी लोकही इंग्लंडात आहेत. केंब्रिजचे गणिती ग्लेशर यांनी इंग्रजी मृत्पात्रांचा प्रचंड संग्रह केला आणि १९२८ मध्ये तो फिट्झविल्यम संग्रहालयाला ठेवून गेले. गणिताच्या पंडिताला गावठी सुरईत गोडी वाटली, याचे आम्हांस नवल वाटत नाही. चाकावर फिरलेल्या घाटात कुंभाराच्या बोटांचे वळ राहतात. त्यांत आपली बोटे नेमकी बसली, की मधली शतके गळून पडतात.

राजांचे सोने जपायला राजवाडे असतात. रोजच्या वापरातील वस्तू मात्र वापरून झिजतात, फुटतात आणि फेकल्या जातात. त्यांतील चार वाचतात, त्या कोणी तरी वेड्याने वाचविल्या म्हणून. तेव्हा घरी गेल्यावर फडताळातील बरणी एकदा हातात घेऊन पाहावी. प्लास्टिकच्या डब्यासाठी तिची जागा मोकळी करण्याचा विचार असेल, तर तो निदान एक दिवस पुढे ढकलावा, इतकीच आमची विनंती.