आई-वडिलांचं ग्रीन कार्ड आणि लेकीची सही

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींनी आई-वडिलांना कायमचं बोलावून घ्यायचं ठरवलं, की आधी पगाराचा विषय निघतो. ‘एवढ्यात भागेल ना?’ उत्तर बहुतेकदा ‘भागेल’ असंच असतं, कारण कायद्याने मागितलेली रक्कम फार मोठी नाही. गाडी अडते ती घरात माणसं किती धरायची आणि कुणाचं उत्पन्न मोजायचं, इथे. आणि त्या कागदावरची सही किती वर्षं बांधून ठेवते, हे तर अनेकांना सही करून झाल्यावर कळतं.

हा कागद म्हणजे ‘आय-८६४’ हा फॉर्म. अमेरिकेत आलेला नातेवाईक सरकारी मदतीवर पडणार नाही, अशी स्पॉन्सरने दिलेली ही हमी आहे. १९९६च्या कायद्याने तिला कराराचं बळ दिलं आणि डिसेंबर १९९७ पासून ती न्यायालयात वसूल करता येण्याजोगी झाली.

माणसं मोजताना

आई-वडिलांना फक्त अमेरिकी नागरिकच स्पॉन्सर करू शकतो, आणि त्याचं वय किमान २१ असावं लागतं. नुसतं ग्रीन कार्ड असून चालत नाही. आई-वडिलांच्या व्हिसांना वार्षिक संख्येची मर्यादा नाही, म्हणून भावंडांसारखं वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागत नाही. मात्र दोघांचे अर्ज वेगळे आणि दोघांचे आय-८६४ही वेगळे.

समजा, न्यू जर्सीत राहणारी एक लेक नाशिकच्या आई-वडिलांना बोलावते आहे. घरात ती, नवरा आणि दोन लहान मुलं. ही चार माणसं झाली. येणारा प्रत्येक जण त्यात मिळवायचा. आईचं ग्रीन कार्ड आधी झालं, तर वडिलांच्या फॉर्मवर आईही मोजावी लागते, कारण तिच्या हमीची मुदत चालू असते. म्हणून सुरुवातीलाच सहा जण धरलेले बरे. लेकीने पूर्वी सासूसाठी अशीच हमी दिली असेल आणि ती संपली नसेल, तर सासू दुसऱ्या गावी राहत असली तरी सातवी धरायची. करविवरणात अवलंबून म्हणून दाखवलेलं कुणी असेल, तर तेही.

आता आकडा. अमेरिकेचं आरोग्य खातं दर वर्षीच्या सुरुवातीला दारिद्र्यरेषेचा तक्ता जाहीर करतं. स्पॉन्सरचं उत्पन्न त्या रेषेच्या किमान १२५ टक्के हवं. २०२५च्या तक्त्याप्रमाणे दोन माणसांच्या घराला वर्षाला २६,४३७ डॉलर, चौघांना ४०,१८७ आणि सहा जणांना ५३,९३७ डॉलर लागत होते. अलास्का आणि हवाईसाठी आकडे याहून चढे आहेत. सैन्यात प्रत्यक्ष सेवेत असलेल्या व्यक्तीला जोडीदारासाठी किंवा लहान मुलांसाठी १०० टक्के पुरतात. आई-वडिलांसाठी ही सवलत नाही.

कुणाचा पगार चालतो?

करविवरणाच्या १०४० फॉर्मवर वजावटी जाण्याआधी जो एकूण उत्पन्नाचा आकडा असतो, तो इथे पाहतात. सोबत चालू वर्षाचं उत्पन्नही बघितलं जातं, आणि खरा भर त्याच्यावर असतो. मागच्या वर्षी नोकरी गेली होती पण आज चांगला पगार आहे, अशा माणसाने कंपनीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या जोडाव्यात. दुकान किंवा मोटेल चालवणाऱ्यांचं दुखणं वेगळं. त्यांच्या बाबतीत उलाढाल मोजत नाहीत, खर्च जाऊन उरलेला नफा मोजतात. कर वाचावा म्हणून कागदावर बारीक केलेला नफा इथे आडवा येतो.

आपल्या उदाहरणातली लेक घरीच असते, कमावतो नवरा, असं धरू. तरीही आय-८६४ तिनेच भरायचा, कारण अर्जदार ती आहे. दोघांचं करविवरण एकत्र असलं तरी नवऱ्याचा पगार आपोआप तिच्या खात्यात धरत नाहीत. त्यासाठी नवऱ्याला ‘आय-८६४ए’वर वेगळी सही करावी लागते आणि त्या सहीने तोही जबाबदारीत बांधला जातो. त्याच्याकडे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असण्याची अट नाही. त्याच घरात राहणारा भाऊही असाच हातभार लावू शकतो.

भाऊ कॅलिफोर्नियात वेगळा राहत असेल, तर मात्र त्याचा अर्धा पगार आणि बहिणीचा अर्धा अशी बेरीज करता येत नाही. त्याला जॉइंट स्पॉन्सर व्हावं लागेल आणि स्वतःच्या घरातली माणसं अधिक येणारे आई-वडील एवढ्यांचा निकष एकट्याने पुरा करावा लागेल. त्याचं तिघांचं घर असेल तर २०२५च्या तक्त्याने पाच जणांचे ४७,०६२ डॉलर. जॉइंट स्पॉन्सर मित्रही असू शकतो, पण तो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा आणि अमेरिकेतच राहणारा हवा. तो मिळाला म्हणून लेकीची सही टळत नाही.

वडिलांची पेन्शन अमेरिकेतही येत राहील, ती का धरू नये? आई-वडिलांचं उत्पन्न मोजायला ते आत्ताच लेकीच्या घरात राहत असावे लागतात. नाशिकमध्ये बसून मिळणारी पेन्शन त्यामुळे बाद होते. त्यांची मालमत्ता मात्र चालते.

कमी पडलं तर

उत्पन्न कमी असेल तर तूट मालमत्तेने भरून काढता येते, पण तुटीच्या पाचपट. लेकीच्या घरचं उत्पन्न ४५,००० डॉलर असेल, तर २०२५च्या तक्त्याने सहा जणांसाठी ८,९३७ कमी पडतात. म्हणजे ४४,६८५ डॉलरची मालमत्ता दाखवायला हवी. नागरिकाच्या जोडीदारासाठी हेच प्रमाण तिप्पट आहे. बँकेतल्या ठेवी, शेअर्स, कर्ज वजा जाऊन उरणारी घराची किंमत हे सगळं धरतात. आई-वडिलांच्या नावच्या मुदत ठेवी आणि फ्लॅटही त्यात येतात.

अट एवढीच, की ती मालमत्ता वर्षभरात रोखीत बदलता आली पाहिजे. शहरातला स्वच्छ मालकीचा फ्लॅट त्यात बसतो. गावाकडची शेतजमीन अवघड जाते, कारण महाराष्ट्रात ती साधारणपणे शेतकऱ्यालाच विकता येते आणि सातबाऱ्यावर चार काका-आत्यांची नावं असली तर विक्री आणखी लांबते. मालकीचे मराठी कागद इंग्रजी भाषांतरासह द्यावेत, सोबत मूल्यांकनाचा दाखला आणि बोजा असल्यास त्याचा तपशील.

सही कधी सुटते?

मुंबईतल्या वकिलातीत मुलाखत झाली, ग्रीन कार्ड हाती आलं, की फॉर्मचं काम संपलं असं वाटतं. प्रत्यक्षात करार तिथून लागू होतो. पालक नागरिक झाले, त्यांच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्या, ते ग्रीन कार्ड सोडून कायमचे परतले किंवा स्पॉन्सर आणि पालक यांपैकी एकाचं निधन झालं, तरच साधारणपणे तो सुटतो. स्पॉन्सरचं दिवाळं निघालं तरी सुटत नाही. जोडीदाराला स्पॉन्सर केलं असेल तर घटस्फोटानेही नाही. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवणंही बंधनकारक आहे.

चाळीस तिमाह्या म्हणजे दहा वर्षांची नोकरी. सत्तरीच्या वडिलांकडून ती अपेक्षा कुणी करणार नाही. उरतो नागरिकत्वाचा मार्ग. पाच वर्षांनी अर्ज करता येतो, पण इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. वयामुळे मिळणारी भाषेची सूट पंधरा-वीस वर्षं ग्रीन कार्डवर काढलेल्यांसाठी आहे, नुकत्याच आलेल्यांसाठी नाही. शिवाय भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. अनेक पालक ते टाळतात आणि लेकीची हमी चालू राहते.

या काळात पालकांनी गरजूंसाठीची सरकारी मदत घेतली, तर संबंधित खातं ती रक्कम स्पॉन्सरकडून मागू शकतं. धोका बहुधा आजारपणातून येतो. पासष्टी ओलांडून आलेल्यांना मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा विकत घेण्यासाठीसुद्धा पाच वर्षं सलग वास्तव्य लागतं. म्हणून दारिद्र्यरेषेच्या तक्त्यापेक्षा आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचा वार्षिक हप्ता हा घरच्या हिशेबातला अधिक महत्त्वाचा आकडा आहे. तो तक्त्यात कुठेच नाही.

भावंडं ‘खर्च आपण वाटून घेऊ’ म्हणतात आणि ते मनापासून असतं. कायदा मात्र सही करणाऱ्यालाच ओळखतो. तेव्हा कोण अर्ज करणार, कोण जॉइंट स्पॉन्सर होणार आणि विम्याचा हप्ता कोण भरणार, हे आई-वडिलांना समोर बसवून, अर्ज टाकण्याआधी ठरवून टाकावं.